मैदानावरचे दिवे का गेले

तुमच्या बाबांनी तुम्हाला जी गोष्ट सांगितली आहे ती खोटी आहे. मी इथे पहिलंच वाक्य हे लिहिते आहे, कारण बाकी काही वाचायचा तुम्ही कंटाळा केलात तरी एवढं तुमच्यापर्यंत पोचावं. गेल्या महिन्यात फोनच्या पडद्यावर तुम्ही दोघं तुमच्या गावच्या संघाचे शर्ट घालून बसला होतात, आणि ईशान मला म्हणाला, "आजी, तुझ्या बाबांनी पूजा करून स्टेडियमचे लाइट घालवले होते ना? मी वर्गात सांगितलं. सगळे इतके हसले!" मागे तुमचे बाबाही हसत उभे होते. ही गोष्ट आमच्या घराण्यात प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाते आणि दर वेळी तिच्यात काहीतरी वाढतं. एका काकांनी तिच्यात नारळ घातला. त्या काळात न्युरेम्बर्गमध्ये नारळ कुठून येणार होता, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मी तिथे होते. ताम्हण माझ्या हातात होतं. तेव्हा काय झालं ते मी सांगते.

आम्ही न्युरेम्बर्गला फ्राऊ केस्टलर नावाच्या विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. माझे वडील, ज्यांना मी अण्णा म्हणत असे, वीजखात्यात इंजिनिअर होते. आपल्याकडे एक नवं वीजकेंद्र उभं राहायचं होतं, त्याची यंत्रं जर्मनीतून येणार होती, म्हणून अण्णांना तिथल्या एका मोठ्या कंपनीत शिकायला पाठवलं होतं. कंपनीने शेवटी शेरा चांगला दिला तर त्या वीजकेंद्रावर मुख्य जागा त्यांची, असं ठरलेलं होतं. आई आणि मी मागाहून बोटीने गेलो. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी माझं चांगलं होतं. जर्मन मात्र मी शाळेपेक्षा फ्राऊ केस्टलरच्या स्वयंपाकघरात शिकले. ते स्वयंपाकघर दोन्ही घरांत मिळून एकच होतं. सकाळी बाईंचं, अकरानंतर आईचं. बाईंचा लाल कोबी व्हिनेगरमध्ये शिजत असायचा, त्या वासात आई पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं वरण करायची, कारण तुरीची डाळ संपली होती. फोडणी करायची तर खिडकी उघडी ठेवायची, मग बाहेर बर्फ पडत असलं तरी, असा बाईंचा नियम होता. मोहरी तडतडली की बाई शेजारच्या खोलीतून विचारायच्या, "फ्राऊ जोशी, खिडकी?" आणि आई मराठीत म्हणायची, "उघडी आहे हो बाई, हाडं गोठली माझी." दोघींना एकमेकींचं बरोबर कळायचं.

बाईंची मुलगी इंगे एका दुकानात कामाला होती आणि तिच्यामागे एक अमेरिकन सार्जंट लागला होता. त्याचं नाव हॉलिस. युद्धानंतर गावाबाहेर अमेरिकनांची छावणी पडली होती, तीत तो होता, दर रविवारी दुपारी कॉफीचा डबा आणि चॉकलेट घेऊन यायचा. त्याला जर्मन येत नव्हतं आणि इंगेचं इंग्रजी 'थँक यू'पाशी संपत होतं. मग मला मध्ये बसवायचे. एका चौदा वर्षांच्या मुलीला प्रेमाची भाषांतरं करावी लागणार म्हणून आई धास्तावली होती, पण घाबरायचं कारण नव्हतं. हॉलिस प्रेमाचं बोलतच नसे. तो फुटबॉलचं बोले, अमेरिकन फुटबॉलचं, आणि त्यातही खेळाचं कमी आणि मैदानांचं जास्त. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांना स्वतःची मैदानं नसतात, बेसबॉलवाल्यांच्या मैदानात ते भाडेकरू असतात, हे मी इंगेला जर्मनमध्ये सांगत असे आणि इंगे नखं बघत असे. बेसबॉलचा हंगाम संपेपर्यंत या बिचाऱ्यांना घरच्या मैदानावर यायलाच मिळत नाही, पहिले सगळे सामने परगावी. आलेच तर अर्धं मैदान गवताचं आणि अर्धं उघड्या मातीचं. एका शहरातल्या मैदानाचा कोपरा भिंतीनेच खाल्लेला होता, तिथे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू गुण मिळवून थेट विटांवर आपटायचा. एका वर्षी एवढं बर्फ पडलं की अजिंक्यपदाचा सामना एका बंद सभागृहात खेळले, सर्कस नुकतीच उठली होती तिथे, आणि खेळाडूंना हत्तीच्या लिदीचा वास येत होता. दिवे लावून सामने खेळायला लागले तेव्हा चेंडू दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग द्यायचे. "अंड्यासारखा," हॉलिस म्हणे.

त्याच्या स्वतःच्या गावचा संघ अजिंक्य ठरला आणि त्यानंतर मालकाने लगेच तो उचलून कॅलिफोर्नियाला नेला. हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. गावाला लगोलग दुसरा संघ मिळाला, चांगला जिंकणारा, पण हॉलिसच्या लेखी तो सावत्र होता. "माणसाचं घर असं कुणी उचलून नेतं का?" तो विचारायचा. एकदा फ्राऊ केस्टलर कोबी ढवळता ढवळता म्हणाल्या, "तुमच्या छावणीचं मैदान आमच्या क्लबचं होतं. माझे यजमान तिथे दर रविवारी हँडबॉल खेळायचे." मी ते इंग्रजीत सांगितलं. हॉलिस लाल झाला आणि त्याने कॉफीचा डबा आणखी थोडा त्यांच्याकडे सरकवला. तेव्हा मला तो फार चांगला माणूस वाटला होता.

त्या छावणीच्या मैदानावर दिवे लावायचं काम अण्णांच्या कंपनीला मिळालं. चार कोपऱ्यांना चार लोखंडी मनोरे, त्यांच्यावर दिव्यांच्या रांगा, आणि मुख्य मनोऱ्याच्या पायाशी एक पोलादी कपाट, ज्यात सगळे फ्यूज आणि बटणं. काम बघायला माइस्टर लिंडनर होते. माइस्टर म्हणजे कारागिरांवरचा मुख्य, आणि जर्मनीत माइस्टरचा शब्द इंजिनिअरसुद्धा मोडत नसत, शिकाऊ परदेशी इंजिनिअर तर नाहीच. अण्णांनी भार मोजला होता. त्या तारेवर दिव्यांपलीकडे काही चालणार नव्हतं. पण छावणीवाल्यांना प्रेक्षकांसाठी खाण्याची टपरी हवी होती, तिथे सॉसेज उकळायची पातेली, तळणीच्या कढया, कॉफीची मोठी पिंपं, सगळं विजेवर. माइस्टरनी मैत्रीखातर ती टपरी त्याच तारेला जोडून दिली. अण्णांनी हरकत घेतली तेव्हा माइस्टर म्हणाले, "आल्झो, हेर इंजेनियर," म्हणजे हे बघा इंजिनिअरसाहेब, "इथे भारतासारखं नाही. इथली तार दम धरते." अण्णांनी हे जेवताना आईला सांगितलं, मी ऐकलं. सांगताना ते हसत होते. अपमान झाला की अण्णा हसून सांगत.

दिव्यांतला पहिला सामना ज्या दिवशी ठेवला तो नेमका खंडेनवमीचा दिवस निघाला. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा करतात. सुतार करवतीची करतो, शिंपी मशीनची, आणि अण्णा वीजखात्यात असल्यापासून दर वर्षी त्यांच्या सबस्टेशनच्या कपाटाला कुंकू लावून फूल वाहत. त्या दिवशी अवजारांना विसावा द्यायचा असतो. आई म्हणालीसुद्धा, "अहो, आज त्यांना सुट्टी असते आणि तुम्ही आजच जुंपणार?" अण्णा म्हणाले, "तारीख अमेरिकनांनी ठरवली आहे. त्यांना नवमी कोण सांगणार?" आईने ताम्हण तयार केलं. कुंकू तिच्या स्वतःच्या करंड्यातलं. झेंडूची फुलं फ्राऊ केस्टलरच्या बागेतून. त्या कुरकुरल्या, ही फुलं त्या यजमानांच्या थडग्यासाठी राखत, पण दिली. आई म्हणाली, "स्वस्तिक काढा कपाटाच्या दारावर." अण्णा म्हणाले, "नको. इथे नको." एवढा विचार करणारा माणूस होता तो. सकाळी मैदानावर त्यांनी कपाटाच्या बंद दारावर बाहेरून हळदीकुंकवाची पाच बोटं उमटवली, कडीत एक झेंडू अडकवला आणि हात जोडले. दाराला कुलूप होतं. किल्ली माइस्टरांच्या कमरेच्या जुडग्यात. माइस्टर शेजारीच उभे होते. हे काय चाललंय, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, आज आम्ही यंत्रांचे आभार मानतो. ते म्हणाले, "शोन, सेअर शोन." छान, फार छान. आणि टोपी काढून हातात धरली.

संध्याकाळी आम्ही तिघंही सामन्याला गेलो. थंडी पडली होती, लोकांच्या तोंडातून वाफ निघत होती, तळलेल्या कांद्याचा आणि कॉफीचा वास सगळ्या मैदानावर पसरला होता. हॉलिस वरच्या लाकडी खोलीत बसून कर्ण्यावरून खेळाडूंची नावं सांगत होता. अर्धा सामना झाला, विश्रांती झाली, आणि सगळी छावणी टपरीकडे धावली. मी दिव्यांकडेच बघत होते, कारण अण्णा बघत होते. आधी ते पिवळे पडले. अण्णा हळूच म्हणाले, "कढया." मग सगळा अंधार.

आम्ही मुख्य मनोऱ्याकडे पळालो. माइस्टरनी किल्लीने दार उघडलं होतं, कुणीतरी विजेरी धरली होती, आणि तिच्या उजेडात सगळ्यांत आधी दिसलं ते दारावरचं लाल. एक मेजर तिथे आला. "हे काय आहे?" त्याने विचारलं. माइस्टर जर्मनमध्ये भराभर बोलू लागले. मेजरला कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. "मुली, तुला कळतंय ना? काय म्हणतोय हा?"

रविवारच्या सवयीने मी शब्दाला शब्द सांगून टाकलं. "ते म्हणतात, माझ्या वडिलांनी सकाळी इथे देवाची पावडर टाकली, ती आत गेली आणि फ्यूज जळले." सांगून झाल्यावर मला त्याचा अर्थ लागला. मी म्हणाले, "पण हे खरं नाही. दार बंद होतं. किल्ली यांच्याकडे होती. फ्यूज जळले ते त्या टपरीच्या—"

"शालू, पुरे," अण्णा म्हणाले.

"पण अण्णा, तुम्हीच तर—"

"पुरे म्हटलं ना."

आणि ते मेजरकडे वळून त्यांच्या त्या सावकाश, नीटनेटक्या इंग्रजीत म्हणाले, की चूक माझी आहे, साहेब, मला क्षमा करा. माइस्टर जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी एका कारागिराला काहीतरी पुटपुटून टपरीकडे पिटाळलं. मी ऐकलं. सगळे प्लग काढ, असं ते म्हणाले होते. प्लग निघाल्यावर मगच त्यांनी नवे फ्यूज बसवले आणि दिवे लागले. कर्णा सुरू झाला. हॉलिसचा आवाज आला, "मंडळी, घाबरू नका! आपल्या स्टेडियमला एका हिंदू जादूगाराची नजर लागली होती, ती आता उतरवली आहे." सगळं मैदान हसलं. हजार माणसं एकदम हसली की तो आवाज कसा असतो, ते मला तेव्हा कळलं. तुमच्या वर्गातलं हसणं मी ऐकलं नाही, पण मला ते ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आईने क्वार्कचं श्रीखंड केलं होतं. क्वार्क म्हणजे तिथला चक्काच, जरा आंबट. तिने ताटं मांडली आणि वाढलंच नाही.

"अहो, एक विचारू?"

"विचार की."

"काल चूक कशाला म्हणालात?"

अण्णांनी लांब श्वास घेतला. "कुणाची तरी चूक ठरणारच होती. माइस्टरची ठरली असती तर उरलेलं वर्षभर त्याने मला तारेला हात लावू दिला नसता. आपण इथे पाहुणे आहोत. माझ्यानंतर आपली आणखी मुलं इथे शिकायला येणार आहेत."

"आणि ती आली की माइस्टर त्यांना तुमच्याबद्दल काय सांगेल?"

अण्णांनी समोरचं ताट उगाच सरळ केलं.

"तुम्ही स्वतःला खुळा म्हणवून घ्या हवं तर," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण खाली कोबी ढवळणं थांबलं होतं. "डोकं तुमचं, मर्जी तुमची. कुंकू माझ्या करंड्यातलं होतं. मी ते कपाळाला लावते तुमच्यासाठी. त्याला चूक म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

श्रीखंड कुणीच खाल्लं नाही. शेवटी ते फ्राऊ केस्टलरनी ब्रेडला लावून संपवलं. आणि अण्णांचा हिशोब कसा निघाला तेही ऐका, कारण लग्नातल्या गोष्टीत हे कधी येत नाही. माइस्टरनी उरलेलं वर्षभर त्यांना तारेला हात लावू दिलाच नाही. ज्याच्यावर तुम्ही उपकार करता त्याला तुमचं तोंड बघवत नाही, हे अण्णांना चाळिशीतही माहीत नव्हतं. त्यांना नकाशे काढायच्या खोलीत बसवलं. कंपनीच्या शेऱ्यात ते नम्र आणि सुस्वभावी ठरले, आणि परत आल्यावर वीजकेंद्रावरची मुख्य जागा दुसऱ्याला मिळाली. त्यांनी तेही हसत सांगितलं.

पुढचा सामना दोन आठवड्यांनी होता. अण्णा म्हणाले, मला वाचायचं आहे, तुम्ही दोघी जाऊन या. मला वाटलं आई नाही म्हणेल. तिने नऊवारीवर कोट चढवला, पिशवी घेतली आणि माझ्याआधी जिना उतरली. मैदानावर पोचल्यावर मी पहिल्यांदा टपरीकडे बघितलं. तिच्याकडे एक नवी, जाड, काळी तार वेगळ्याच खांबांवरून गेली होती. म्हणजे त्यांना कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. कुणी कुणाला काही म्हणालं नव्हतं, एवढंच.

मी हॉलिसच्या लाकडी खोलीत गेले. तो कागद लावत बसला होता. "ये, ये," तो म्हणाला, "इंगे आली का?"

"आज कर्ण्यावरून सांग," मी म्हणाले.

"काय सांगू?"

"त्या दिवशी दिवे टपरीमुळे गेले. माझ्या वडिलांमुळे नाही. खाली नवी तार दिसते आहे, बघ."

त्याने खिडकीतून पाहिलं. "अगं, गंमत केली मी. आता कुणाला आठवतंय ते?"

"तुला त्या भिंतीवर आपटलेली सगळी माणसं आठवतात," मी म्हणाले. "तुझ्या गावचा संघ पळवला ते आठवतं. हत्तीची लीद आठवते. तेव्हा तू तिथे नव्हतास तरी आठवते. मी इंगेला दर रविवारी सांगितलं आहे."

हॉलिसने कागद खाली ठेवले. "हे बघ, मेजरला विचारल्याशिवाय मला असं काही बोलता येत नाही."

"त्या दिवशी जादूगार म्हणालास, ते मेजरला विचारून?"

त्याने कर्ण्याचं बटण दाबलं आणि खेळाडूंची नावं वाचायला लागला. मी उभी राहिले. दोन्ही संघांची सगळी नावं, प्रत्येकाचं गाव, प्रत्येकाचं कॉलेज. एकाही माणसाचा अपमान होऊ नये म्हणून किती जपून वाचत होता तो! मी खाली उतरले.

मनोऱ्याच्या पायाशी आई उभी होती. पिशवीतून तिने ताम्हण काढलं होतं. माइस्टर कपाटापुढे होते, हात किल्लीवर. मला बघताच आई म्हणाली, "बरं झालं आलीस. ह्यांना सांग, दार उघडू नका म्हणावं. मी बाहेरूनच लावते आहे, त्या दिवशी लावलं होतं तस्संच." मी जर्मनमध्ये सांगितलं. माइस्टरनी एकदा मेजर कुठे दिसतो का ते पाहिलं आणि बाजूला झाले. आईने अण्णांसारखी पाच बोटं लावली नाहीत. तिने अख्खा तळवा भरून कुंकू घेतलं आणि दारावर दाबला, मग हळदीचा दुसरा. "आता लावा म्हणावं दिवे."

माइस्टरनी दार उघडलं, बटणं दाबली आणि दार परत लावून घेतलं. चारही मनोरे उजळले. आईने मैदानाकडे पाठ केली आणि तिथेच उभी राहिली, माइस्टरांच्या समोर, पूर्ण सामनाभर. विश्रांतीत सगळी छावणी टपरीकडे धावली, कढया तापल्या, कांद्याचा वास आला. एकही दिवा लुकलुकला नाही. माइस्टर सिगारेटवर सिगारेट ओढत होते. सामना संपल्यावर ते म्हणाले, "गुटन आबेंड, फ्राऊ जोशी." शुभ संध्याकाळ. आईने ताम्हण पिशवीत ठेवलं.

घरी अण्णा टेबलाशी पुस्तक घेऊन बसले होते. आम्ही कोट काढेपर्यंत थांबले, मग न बघताच म्हणाले, "दिवे?"

"होते," आई म्हणाली.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मला वाटलं, आता तरी ते पुस्तक मिटतील, उद्या मेजरकडे जातील, त्या नव्या तारेकडे बोट दाखवून आपल्या सावकाश इंग्रजीत चार वाक्यं बोलतील. तेवढं त्यांना नक्की जमलं असतं. अण्णा म्हणाले, "जेवून घ्या, भात गार होतोय." आणि आई, जी सामनाभर त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी होती, ती हात धुऊन आली आणि तिने त्यांचं पान वाढलं. मला तेव्हा तिचाही राग आला. आज हे लिहितानाही तो गेलेला नाही.